टीएनएफ-अल्फाची कुपी उघडण्याआधी

रिकॉम्बिनंट ह्यूमन टीएनएफ-अल्फा म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं, पेशींना संदेश देणारं मानवी प्रोटीन. त्याची सुकवलेल्या 10 मायक्रोग्रॅमची कुपी हातात घेतली की ती रिकामीच वाटते. तळाशी पावडर दिसेलच असं नाही. कधी काचेला धरलेला पुसटसा थर, कधी तेवढंही नाही. माझी पहिली कुपी मी तशीच, न फिरवता उघडली होती. झाकणाला चिकटलेलं प्रोटीन झाकणाबरोबरच गेलं असणार, कारण पुढे पेशींनी काही दाद दिली नाही. तेव्हापासून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवायची, मगच झाकणाला हात लावायचा.

विरघळवायला काय घ्यायचं ते सोबतच्या कागदावर बघा, दुसऱ्या प्रोटीनची सवय इथे चालवू नका. उदाहरणार्थ, टीजीएफ-बीटा 1 या दुसऱ्या प्रोटीनला सहसा सौम्य आम्ल लागतं. आपल्या टीएनएफच्या कुपीत कागदावरचं द्रावण 100 मायक्रोलिटर घातलं की 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं मूळ द्रावण, होतो. व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) अजिबात नको, फेस आला की प्रोटीन बिघडतं. द्रव काचेवरून अलगद फिरवा आणि 10-15 मिनिटं तशीच ठेवा.

इतकं पातळ प्रोटीन प्लास्टिकलाही चिकटून कमी होतं, म्हणून 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालतात. मात्र टीएनएफला रंगाचं लेबल जोडायचं असेल तर बीएसए नकोच, तेच आधी रंगून बसेल.

मग लगेच 10-10 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 80 अंश सेल्सिअसला. एका भागात 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने 100 मिलिलिटर माध्यमाला पुरेल. उरलेलं परत गोठवायचा मोह होतो, महाग असतं ना! टाकून द्या.