रेंजवर पहिल्यांदा जाताय? बिचकणाऱ्या नवख्यांसाठी सुरक्षेचा वस्तुपाठ

बंदुकीची भीती वाटते, म्हणजे नेमबाजी आपल्यासाठी नाही, असं समजून बरेच जण दारातूनच परत फिरतात. रेंजवर हुकूम देणाऱ्या आणि सुरक्षा बघणाऱ्या रेंज ऑफिसरला मात्र बिचकणाऱ्या माणसाची फारशी चिंता नसते. त्याचं लक्ष असतं ते दोन शॉट मधोमध बसले की ‘बघितलंस का!’ म्हणत पिस्तुलासकट मागे वळणाऱ्यावर. रेंजवरचा धोका चाप ओढण्याच्या क्षणापेक्षा त्याच्या आगेमागे जास्त असतो. काडतूस भरताना, हत्यार अडकल्यावर, ते खाली ठेवताना, टार्गेट बदलायला जाताना. या चार वेळी नळी कुठे आहे आणि बोट कुठे आहे एवढं पक्कं केलंत, की निम्मी धाकधूक तिथेच उतरते.

आधी रेंज कसली आहे ते विचारा

१० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल हे प्रकार बहुतेक ठिकाणी बंदिस्त हॉलमध्ये चालतात. मैदानी रेंजवर २५ मीटर पिस्तूल आणि ५० मीटर रायफल असते, आणि तिथे छर्रा नव्हे तर .२२ चं (म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं) काडतूस वापरतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो याच काडतुसाचा खेळ. करंगळीएवढंही नसलेलं हे काडतूस पाहून कुणी हलक्यात घेऊ नये. मोकळ्यावर त्याची गोळी दीड मैल, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध असतो तो त्याचसाठी.

नळी नेहमी त्या बांधाकडेच हवी. सिनेमात दाखवतात तशी आकाशाकडे रोखून उभं राहणं मैदानी रेंजवर चालत नाही, कारण वर छप्पर नसतं आणि चुकून सुटलेली गोळी बांध ओलांडून कुठे पडेल याचा नेम नाही.

नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. लष्कराची तोफा डागण्याची मैदानं आणि नागरी नेमबाजीची रेंज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिकडच्या मोकळ्या माळावर ‘जरा एअरगन चालवून बघू’ म्हणून जाऊ नका. माळावर पडलेली धातूची कुठलीही वस्तू उचलू नका, पायाने ढकलूही नका. न फुटलेला गोळा गंजला तरी जिवंतच असतो. जागेवरून मागे फिरा आणि ११२ वर कळवा.

क्लबला जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. नवख्या माणसाजवळ प्रशिक्षक पूर्णवेळ उभा राहतो का? कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण तिथे मिळतं का? ओळखपत्र कोणतं लागतं? पहिल्या प्रश्नाला ‘हो हो, कुणीतरी असतंच’ असं उत्तर आलं, तर दुसरी जागा बघा. मुलांना नेणार असाल तर वयाची अट आधीच विचारून घ्या.

कपडे, बूट आणि वेळ

गळ्याशी बंद होणारा शर्ट किंवा टी-शर्ट घाला. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक शॉटनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या हत्यारातून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाजूला उडते आणि ती चांगलीच तापलेली असते. ती कॉलरमधून आत गेली की माणूस नाचायला लागतो, आणि हातातलं हत्यार त्याच्याबरोबर नाचतं. पुंगळी आत गेलीच तर पोळू द्या. आधी बोट चापावरून काढा, हत्यार बांधाकडे नळी करून टेबलावर ठेवा, मग शर्ट झटका. त्वचेवर छोटासा चट्टा पडेल, तो परवडला.

ओढणी, लोंबणारा स्कार्फ, सुटे केस, सैल बाह्या हे सगळं बांधून घ्या. चपला-सँडल नकोत, बंद बूट हवेत. पुढे झाप असलेली टोपी घातली तर पुंगळी चष्म्याच्या आत शिरत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ नाशिकमध्ये नेमबाजीला उत्तम, पण थंडीने बोटं बधिर झाली असतील तर चापाचा अंदाज येत नाही. ती चोळून गरम करा, मगच लाइनवर, म्हणजे गोळी झाडायच्या रेषेवर, जा. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत आटपा. नंतर जमिनीवरची हवा तापून टार्गेट लहरताना दिसतं आणि घामाने पकड निसटते. पावसाळ्यात खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ती बुटाला चिकटून पाय घसरतो, आणि नळीचं तोंड चिखलाला टेकलं तर प्रकरण गंभीर होतं. नळीत चिखलाचा बोळा असताना गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. अशा वेळी स्वतः फुंकर मारून बघायचं नाही. हत्यार खाली ठेवून हात वर करायचा.

कान नीट झाका, भीती अर्धी होईल

नवखा माणूस दचकतो तो मुख्यतः आवाजाला. .२२ रायफलचा आवाज सुमारे १४० डेसिबल असतो, मोठ्या काडतुसांचा त्याहून वर जातो. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. बिचकणाऱ्यांनी कानात घालायचे फोमचे प्लग आणि त्यावर पूर्ण कान झाकणारे इअरमफ, दोन्ही घालावेत.

प्लग घालण्यात बहुतेक जण चुकतात. बोटांनी तो नुसता दाबून कानात खुपसला तर अर्धा बाहेर राहतो आणि काही उपयोग होत नाही. तो दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा, म्हणजे तो आत फुगून बसतो. समोरून आरशात पाहिलं तर प्लग दिसता कामा नये. इअरमफच्या गादीखाली चष्म्याची जाड काडी किंवा केस आले तर फट राहते, तेही पाहा. नेहमीचा नंबरचा चष्मा पुरेसा नाही. त्यावर बाजू झाकणारा संरक्षक चष्मा हवा.

शेजारच्या लेनवर मोठं हत्यार चालत असेल तर लांबची लेन मागा. यात लाजण्यासारखं काही नाही.

लाइनवर पाऊल ठेवल्यापासून

हत्यार हातात घेताना ते रिकामं आहे असं कुणी सांगितलं तरी स्वतः बघा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढा. मग रायफलीचा बोल्ट किंवा पिस्तुलाची स्लाइड (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून उघडी ठेवा. मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा आणि प्रशिक्षक सांगेल तसं करंगळीने चाचपा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये ढकलते. मॅगझीन हातात आल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि आत एक काडतूस बसलेलं असतं. ‘रिकामी बंदूक सुटली’ म्हणतात त्या घटनांमागे पुष्कळदा हीच गफलत असते.

वापरात नसलेल्या हत्याराच्या चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो. फ्लॅग आत असेल तर काडतूस आत जाऊच शकत नाही आणि हे दुरूनही दिसतं.

तुमचं बोट चापाच्या कडीबाहेर, चौकटीवर सरळ आडवं ठेवा. नेम धरून झाला आणि झाडायचं ठरलं, तेव्हाच ते आत जाईल. माणूस दचकला, ठेचकाळला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट धरलं, की चापावरचं बोटही आपोआप आवळतं. हे इच्छेने थांबवता येत नाही, म्हणून बोट बाहेर.

हुकूम साधारणपणे इंग्रजीतच दिले जातात: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘स्टॉप’ ऐकलं की अर्धा ओढलेला चापही सोडायचा. ‘हा एक शॉट मारून घेतो’ असं नाही. आणि ‘स्टॉप’ ओरडण्याचा हक्क रेंज ऑफिसरइतकाच तुम्हालाही आहे. बांधावर कुत्रं चढलं, गुराखी दिसला, कुणी रेषेपुढे गेलं, तर खुशाल ओरडा.

पहिला शॉट: एकच काडतूस

आधी मोकळ्या हत्याराने नेम, श्वास आणि चाप यांचा सराव करा. फक्त .२२ च्या रायफलीचा चाप रिकाम्या चेंबरवर ओढू नका. बऱ्याच रायफलींत पिन चेंबरच्या काठावर आपटून खराब होते. सरावासाठी डमी काडतूस मागा. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीचंही तसंच, छर्ऱ्याशिवाय ती सोडली तर आतलं सील बिघडतं. आणि नळी मोडून भरायच्या एअर रायफलीत छर्रा घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरा, कारण खटका निसटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट सापडतं.

मग मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरायला सांगा. पहिल्या धक्क्याने गोंधळून बोट पुन्हा आवळलं तरी दुसरी गोळी निघत नाही. रायफलचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकवा. फट ठेवली तर दस्ता खांद्यावर आदळतो. दुर्बीण असेल तर डोळा तिच्यापासून आठ-दहा सेंटिमीटर लांब ठेवा. पिस्तूल धरताना डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच येऊ देऊ नका. ती वेगाने मागे येते आणि अंगठा चिरते.

छाती धडधडत असेल तर हत्यार खाली ठेवा, दोन-तीन लांब श्वास सोडा, पुन्हा उचला. पोलीस सेवेतून निवृत्त होऊन नाशिकमध्ये राहिलेले क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी नेमबाजांच्या मनाच्या तयारीवरच मोठं काम केलं. पदकवाल्यांनाही ती लागते, तर तुमची धडधड काही जगावेगळी नाही. सकाळी दोन कप कॉफी घेऊन जाऊ नका, एवढं मात्र पाळा.

खट्ट वाजलं, पण गोळी सुटली नाही

नवखा माणूस इथे हमखास हत्यार तोंडासमोर वळवून ‘काय झालं’ बघतो. तसं करू नका. काडतूस उशिरा पेटू शकतं. नळी बांधाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मोकळा हात वर करा, पुढचं प्रशिक्षक बघेल.

याहून फसवा प्रकार म्हणजे ‘फुस्स’. आवाज बारीक येतो, धक्का जाणवत नाही, टार्गेटवर भोक दिसत नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची गोळी तिच्या मागे आदळली तर नळी फुटते. आवाज वेगळा वाटला की थांबा. शंका चुकीची निघाली तर फार तर एक मिनिट जाईल.

टार्गेट बघायला जाताना

सगळी हत्यारं मोकळी, उघडी, फ्लॅग लावलेली, आणि सगळे जण रेषेमागे. रेंज ऑफिसरने परवानगी दिल्यावरच पुढे जायचं. कुणी पुढे असताना मागे राहिलेल्यांनी हत्याराला हात लावायचा नाही. पुसायला नाही, मॅगझीन भरायलाही नाही. फोटो हवा असेल तर हत्यार टेबलावर असताना टार्गेटच्या कागदासोबत काढा. हातात पिस्तूल घेऊन सेल्फी काढताना एक हात आणि सगळं लक्ष मोबाइलकडे असतं, नळीकडे कुणाचंच नसतं.

निघताना

न झाडलेलं काडतूस आठवण म्हणून खिशात टाकू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना काडतूस बाळगणं हाही गुन्हाच आहे. महिन्याभराने ओझर विमानतळावर ते बॅगेत सापडलं तर ‘विसरलो होतो’ ऐकून घेणारा कुणी भेटणार नाही. रिकाम्या पुंगळ्याही तिथेच ठेवा.

शेवटी हात. गोळ्या-छर्रे शिशाचे असतात आणि त्याची पूड बोटांवर, मनगटावर, चेहऱ्यावर बसते. रेंजवर तंबाखू मळणं, छर्रे ओठांत धरणं, मध्येच बिस्किट तोंडात टाकणं हे सगळं टाळा, कारण शिसं पोटात जातं ते असंच. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. साबण आणि पाण्याने कोपरापर्यंत हात आणि तोंड धुवा, मगच मिसळीच्या दुकानाकडे वळा. घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवायला टाका, आणि लहान मूल असेल तर कपडे बदलल्याशिवाय त्याला उचलून घेऊ नका.