ओळखीच्या शहरातलं अंतर मनानं अचूक कसं मोजावं

डेक्कनपासून शनिवारवाडा किती लांब? पुण्यात याचं उत्तर बहुधा मिनिटांत मिळतं. किलोमीटर विचारले की माणूस अडखळतो. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते जेमतेम दीड किलोमीटर आहे. आपण अंतर नव्हे, तिथवर जायला पडलेले कष्ट लक्षात ठेवतो. पण हा अंदाज सुधारता येतो.

मोबाइल बाजूला ठेवा. रोजच्या वावरातल्या सहा जोड्या कागदावर लिहा: घर ते मंडई, मंडई ते स्वारगेट, अशा. प्रत्येकीपुढे दोन आकडे टाका, सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्यानं पडणारं. या दोन्हींची गल्लत फार होते.

दोन दिवसांनी पहिला कागद न बघता त्याच जोड्या उलट्या लिहा: मंडई ते घर. आकडे बदलले तरी तुमची स्मरणशक्ती कच्ची नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड सॅडाला आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं की साध्या जागेवरून ठळक खुणेपर्यंतचं अंतर कमी वाटतं आणि खुणेवरून त्या जागेपर्यंतचं तेच अंतर जास्त.

आता नकाशा उघडून ताडा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. हा भाग घाईनं उरकू नका, खरी गंमत इथेच आहे. वाटेत वळणं किती? तेवढ्याच लांबीचा रस्ता जास्त वळणांचा असला तर लांब वाटतो; पेठांमधल्या बोळांतून जाणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. मध्ये नदी आहे का? खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की नारायण पेठेतून डेक्कन खरोखरच लांब पडतं. माझ्या मते तो वळसा पाणी ओसरल्यावरही मनात राहतो. नदीचा आकारही फसवतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९७० च्या दशकात पॅरिसकरांकडून शहराचे नकाशे काढून घेतले, तेव्हा बहुतेकांनी सेन नदीचा बाक होता त्यापेक्षा बराच सौम्य काढला.

शेवटी स्वतःचं माप ठरवा. मैदानावरच्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर नेहमीच्या चालीनं एक फेरी मारा आणि पावलं मोजा. त्यांची अडीच पट म्हणजे तुमचा एक किलोमीटर. घरापासून तेवढी पावलं चालून जिथे पोचाल ती जागा, दुकान असो की पिंपळ, पक्की लक्षात ठेवा. नवा अंदाज करताना 'ही वाट त्या पिंपळापर्यंतच्या किती पट?' असं विचारा. सकाळी लवकर मोजा. गर्दीत पावलं आखडतात आणि माप चुकतं.