मेजर ठरला, आता मायनर, ओई आणि ओजेटीचं काय?

बारावीचा निकाल लागला की घरात एकच चर्चा: बीए, बीएस्सी की बीकॉम, आणि त्यात मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता. प्रवेश झाला, फी भरली की ती चर्चा संपते. खरं तर काम तिथून सुरू होतं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं एकक) असतात आणि त्यातले निम्म्याच्या आसपास मेजरबाहेरचे असतात. मायनर (दुय्यम विषय), ओई (मुक्त निवडीचे विषय), कौशल्याचे पेपर, ओजेटी (कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण) अशी त्यांची नावं. हे सगळं बहुतेक मुलं प्रवेशाच्या खिडकीवर पाच मिनिटांत, मैत्रिणीने काय भरलं ते बघून भरतात.

आधी जाहिराती, मग विषय

विषय निवडण्याआधी एक रविवार काढा आणि तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या वीस जाहिराती गोळा करा. नोकरीच्या संकेतस्थळांवरच्या दहा, सरकारी भरतीच्या दहा. वहीत दोन रकाने करा. पहिल्यात ‘अट’, म्हणजे जे नसेल तर अर्जच बाद होतो. दुसऱ्यात ‘असल्यास प्राधान्य’. प्रत्येक ओळ कोणत्या तरी एका रकान्यात टाका. वीस जाहिराती झाल्या की दहाहून अधिक वेळा आलेल्या गोष्टींखाली रेघ मारा. तुमचा खरा अभ्यासक्रम तोच.

अटींचा रकाना जास्त महत्त्वाचा, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त करायला दोन वर्षं जातात. अन्नसुरक्षा अधिकारी या पदाचंच बघा. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची पदवी तिथे चालते, रसायनशास्त्राची मात्र पदव्युत्तर पदवी लागते. एकाच वर्गात शेजारी बसून बीएस्सी केलेल्या दोघांपैकी एकाला तीन वर्षांनी अर्ज करता येतो, दुसऱ्याला पाच वर्षांनी. सीए करायचं आणि फाउंडेशन टाळून थेट इंटरमिजिएटला जायचं असेल, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात, इतर शाखांच्या पदवीधराला ६०. उलट राज्यसेवा, बँकांच्या लिपिक आणि अधिकारी परीक्षा यांना कोणतीही पदवी चालते. तिथे ‘एमपीएससीसाठी अमुकच विषय घ्यावा लागतो’ हा गैरसमज आहे. मात्र राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वैकल्पिक विषय आला. त्यामुळे पदवीचा एक विषय त्या यादीतला असला तर तयारीचा भार हलका होतो, एवढाच त्याचा फायदा.

क्रेडिटचा तक्ता मागून घ्या

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात विषयांची नावं असतात, तक्ता नसतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या शाखेचा सहा सेमिस्टरचा क्रेडिट तक्ता उतरवून घ्या आणि छापा. त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, मेजर कधी पक्का होतो. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर करायचा अशी पद्धत आहे. काही ठिकाणी मेजर पहिल्याच दिवशी ठरतो. पहिल्या पद्धतीत तिसरा विषय ‘सोपा’ म्हणून घेऊ नका, कारण मेजर बदलायची वेळ आली तर पर्याय त्या तिघांतलाच असतो.

दुसरी, मायनर कोणत्या सेमिस्टरपासून सुरू होतो आणि तो बदलता येतो का. मायनरला १८ ते २० क्रेडिट असतात. एकदा दोन सेमिस्टर झाल्यावर बदलायचं म्हटलं तर नव्या विषयाचे मागचे पेपर द्यावे लागतात.

तिसरी, ओजेटी कोणत्या सेमिस्टरला आहे. ते कळलं की त्याच्या आधीच्या दोन सेमिस्टरमध्ये कोणतं कौशल्य तयार हवं हे आपोआप ठरतं.

मायनर: जोडी कशी जुळवायची

मायनर मेजरच्याच विद्याशाखेतला घेता येतो किंवा दुसऱ्या विद्याशाखेतला. नियम मोकळा आहे. अडचण वेळापत्रकाची असते. कागदावर ‘भूगोल आणि संगणकशास्त्र’ अशी जोडी असते, पण दोन्ही विभागांची प्रात्यक्षिकं मंगळवारी दुपारीच. म्हणून अर्ज भरण्याआधी दोन्ही विभागांत जाऊन गेल्या वर्षीचं वेळापत्रक बघा आणि मायनरची तुकडी खरंच चालली का ते विचारा. पुरेशी मुलं नसली की तुकडी रद्द होते आणि तुम्हाला उरलेल्या विषयात टाकलं जातं. दुसरा पसंतीक्रम विचार करून भरायचा तो याचसाठी.

जोडीचे काही नमुने. अर्थशास्त्र मेजर असेल तर संख्याशास्त्र किंवा गणित. एमए अर्थशास्त्राच्या चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षांत गणित आणि संख्याशास्त्र येतंच, आणि तिथे बीएची मुलं अडतात. मानसशास्त्र मेजर असून पुढे शिक्षक व्हायचा विचार असेल, तर मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोल असा शाळेत शिकवला जाणारा विषय मायनरला ठेवा, कारण बीएडची अध्यापन पद्धती पदवीच्या विषयांवरून ठरते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी: नुसत्या बीएवर तसं काम करता येत नाही, त्याला पदव्युत्तर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. रसायनशास्त्राला संख्याशास्त्राची जोड औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात उपयोगी पडते. मराठी मेजरला इंग्रजी मायनर ही जोडी दिसायला साधी आहे, पण अनुवाद आणि उपशीर्षकांच्या कामाला तीच लागते.

मेजरचाच जुळा भाऊ शोभेल असा मायनर घेतला, म्हणजे राज्यशास्त्राला लोकप्रशासन, तर अभ्यास सोपा जातो हे खरं. पण वीस जाहिरातींच्या वहीत त्याने एकही नवी ओळ भरत नसेल तर वीस क्रेडिट त्याच जागी फिरले.

ओई आणि कौशल्याचे पेपर

ओईचे विषय तुमच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावे लागतात. एकूण १० ते १२ क्रेडिट. ‘मार्क सहज मिळतात’ एवढ्यावर ओई घेणं हा सर्वांत प्रचलित प्रकार. विज्ञानाच्या मुलांनी वाणिज्यचा जीएसटी किंवा वैयक्तिक अर्थनियोजन, कलाशाखेच्या मुलांनी माहिती-विश्लेषण असं काही घेतलं तर ते पुढे वापरात राहतं.

कौशल्याच्या पेपरांना १४ ते १६ क्रेडिट असतात आणि ते शिकवणारी माणसं प्रत्येक महाविद्यालयात असतातच असं नाही. वर्ग नुसता पीपीटीवर चालला असेल तर बाहेरून पूर्ण करा. भूगोलाच्या विद्यार्थ्याला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरून उपग्रहचित्रं बघता येतात आणि डेहराडूनची आयआयआरएस ही संस्था दूरसंवेदनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते. स्वयम या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही फुकट आहेत. परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. यूजीसीच्या नियमांनुसार सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे आणता येतात, पण तो विशिष्ट अभ्यासक्रम आपल्या महाविद्यालयाने मान्य केला आहे का, हे नोंदणीआधी लेखी घ्या. तोंडी ‘हो चालेल’ निकालाच्या वेळी चालत नाही.

लिपिक-टंकलेखक पदाचा विचार असेल तर मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही टंकलेखनाची प्रमाणपत्रं दुसऱ्या वर्षाच्या आतच काढून टाका. पदवीनंतर ‘करू’ म्हटलं की नेमकी जाहिरात त्याच महिन्यात येते.

ओजेटी: चार क्रेडिट, एकशे वीस तास

ओजेटीला ४ क्रेडिट. प्रशिक्षणाचा एक क्रेडिट ३० तासांचा धरला तर १२० तास, म्हणजे रोज सहा तास काम करून वीस दिवस. एवढ्या थोड्या दिवसांत माणूस तयार होत नाही, पण मुलाखतीत दहा मिनिटं ठामपणे बोलता येईल इतकं नक्की शिकतो. काकांच्या दुकानाच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र आणलं तर क्रेडिट मिळतात. मग मुलाखतीत कुणी विचारतं, ‘रोज सकाळी गेल्यावर पहिलं काम काय असायचं?’ आणि तिथे सगळं संपतं.

जागा शोधताना हंगाम आधी बघा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचं ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) तपासायला शिकायचं असेल तर गाळप सुरू असताना, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जायला हवं. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर यंत्रं उघडून दुरुस्ती चाललेली असते आणि तुम्हाला रजिस्टर लिहायला बसवतात. करसल्लागाराकडे जुलै हा विवरणपत्रांचा महिना. काम भरपूर मिळतं, शिकवायला मात्र कुणाला वेळ नसतो. त्याच कार्यालयात जीएसटीचं महिन्याचं चक्र पूर्ण बघायचं असेल तर निदान एक महिना सलग थांबा: मासिक विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ११ तारखेपर्यंत, १४ तारखेला २बी (खरेदीवरच्या कराची यादी) तयार होतं, त्याच्याशी खरेदीची बिलं जुळवायची, आणि २० तारखेपर्यंत ३बी (एकत्रित विवरण). पंधरा दिवसांत परत आलात तर अर्धंच चक्र कळतं.

तालुक्याच्या गावी कंपन्या नाहीत ही तक्रार खरी आहे, पण कामाच्या जागा असतात. सहकारी दूध संघात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) तपासणी चालते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्यातलं फ्लोराइड, नायट्रेट मोजतात. कृषी विज्ञान केंद्रं, माती परीक्षण प्रयोगशाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, जिल्हा वृत्तपत्राची कार्यालयं, छापखाने, सगळीकडे विचारता येतं.

विचारायचं कसं? ओजेटी सुरू व्हायच्या दोन महिने आधी. दहा-पंधरा ठिकाणी जायची तयारी ठेवा. सोबत विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, बोनाफाईड आणि एका पानाचा बायोडाटा. पत्रात तारखा, एकूण तास आणि तुम्हाला काय येतं हे तीन मुद्दे हवेतच. ‘मला काहीही काम द्या’ असं लिहिलं की समोरचा माणूस विचारात पडतो, कारण काम शोधून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतो, मराठी युनिकोड टंकलेखन येतं’ असं लिहिलं तर तो लगेच कुठे बसवायचं ते ठरवतो.

पहिल्या दिवशी देखरेख कोण करणार आणि प्रमाणपत्रावर सही कोण करणार, ही दोन नावं विचारून घ्या. बऱ्याचदा ती वेगळी असतात आणि शेवटच्या दिवशी सही करणारा रजेवर असतो. हजेरीपत्रकावर रोजच्या रोज सही घ्या.

आणि रोजनिशी लिहा. ही ओजेटीतली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाची गोष्ट. रोज पाच ओळी: काय केलं, कोणतं उपकरण किंवा प्रणाली वापरली, किती नग, काय चुकलं, ते कसं सुधारलं. ‘एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) शिकले’ ही ओळ निरुपयोगी आहे. ‘बफर तयार करून पीएच जुळवला, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला. हवा नीट काढली नव्हती म्हणून पंपाचा दाब वरखाली झाला, पुन्हा डीगॅस केलं’ ही ओळ वाचून गुणवत्ता विभागातल्या माणसाला कळतं की हिने स्वतः हात लावलाय. बायोडाटातल्या ओळी याच वहीतून येतात. कंपनीचे प्रत्यक्ष आकडे, ग्राहकांची नावं, कागदपत्रांचे फोटो मात्र त्यात ठेवायचे नाहीत.

सुट्ट्यांचं काय

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना संशोधनात रस असेल तर उन्हाळ्यासाठी हिवाळ्यातच हालचाल करावी लागते. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त उन्हाळी पाठ्यवृत्तीचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस असतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. तिसऱ्या वर्षात त्याचं नाव कळून उपयोग नाही.

चौथं वर्ष करावं का

नोकरीच करायची असेल तर घाई नको. तीन वर्षांची पदवी भरतीला चालते. चौथं वर्ष केलं तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकतं. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि महाविद्यालयात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत. ही दुसरी अट कुणी विचारत नाही. एक-दोन वर्षांनी बाहेर पडून प्रमाणपत्र किंवा पदविका घेण्याची सोयही आहे, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत यावं लागतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते.

क्रेडिट जमा झाले का, ते बघा

तुमचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये १२ अंकी क्रमांकाखाली जमा होतात आणि डिजिलॉकरमधून दिसतात. नावातली गडबड इथे सर्वाधिक होते: आधारवर ‘नाव-वडिलांचं नाव-आडनाव’, मार्कशीटवर आडनाव आधी, कुठे आईचं नाव जोडलेलं. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की लगेच डिजिलॉकर उघडा. क्रेडिट दिसत नसतील तर परीक्षा विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या विद्यापीठातून स्वयमचे क्रेडिट आणले असतील, ओजेटीचा गुणतक्ता उशिरा गेला असेल, तर ते सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षा अर्जाआधी जुळवून घ्या. त्यानंतर टीवायचा निकाल ‘राखीव’ दाखवतो आणि एमएससीच्या प्रवेशाची शेवटची तारीख निघून जाते.