आडवाटेच्या चिखलासाठी डिकीत काय असावं

जुलैत भंडारदऱ्याच्या मागे रतनवाडी-साम्रदकडे जायचं ठरलं की घरात आधी रेनकोट शोधले जातात. तुम्ही आधी टो हुक, म्हणजे गाडी ओढायला दोर अडकवायचा आकडा, शोधा. बऱ्याच गाड्यांत तो जॅकच्या सामानात असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यांवर फिरवून बसवावा लागतो. घरीच, कोरड्यात, एकदा बसवून बघा. आमचं झाकण मातीनं घट्ट बसलं होतं, आणि ते कळलं भर पावसात, दिवस मावळताना. म्हणून हुकाबरोबर चपटा स्क्रू ड्रायव्हर ठेवा, आणि या दोन्ही वस्तू सामानाच्या बॅगांच्या वर.

आम्ही काही मुद्दाम चिखलात शिरलो नव्हतो. समोरून पिकअप आली, तिला वाट द्यायला डावं चाक साइडपट्टीवर उतरवलं. वर हिरवंगार गवत, खाली नुसता राडा. गाडी अलगद कलली आणि पोट टेकून बसली. तेव्हा एक काठीही गाडीत असू द्या. उतरून टोचा, वीतभर आत गेली तर डांबर सोडू नका, मागे रुंद जागा असेल तिथवर गाडी मागे घ्या.

रुतल्यावर लागतं ते असं: छोटं फावडं, तागाची दोन-तीन गोणपाटं (प्लॅस्टिकच्या पोत्यावरून चाक घसरतं) आणि जॅकखाली घालायला जाड फळी, कारण चिखलात गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, चाकाखाली दगड काठीनं सारा. हवा मोजायचं मीटर आणि 12 व्होल्टचा पंप घ्या. 32-33 पीएसआयची हवा 20वर आणली की टायर पसरतो, पकड धरतो. डांबरावर आल्यावर मात्र आधी हवा भरा, मगच वेग घ्या.

सगळ्यांना उतरवा, चाकं सरळ करा, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायानं प्रयत्न करा. चाक जागीच फिरायला लागलं की थांबा, नाहीतर तेच खड्डा खोल करतं. सायलेन्सर चिखलात बुडाला असेल तर इंजिन चालू ठेवून काचा लावून अजिबात बसू नका, विषारी धूर आत येतो.

दोर गाडीच्या दुप्पट वजन पेलणारा हवा. ओढताना लेकरांना लांब उभं करा, तुटलेला दोर चाबकासारखा येतो. सुटे पैसेही हवेत. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत, आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुणी चिखलणी सोडून ट्रॅक्टर आणतो त्याला रिकाम्या हाती पाठवणं बरं नव्हे. शेतकऱ्यांच्या भातखाचरातून गाडी वळवू नका, बांध मोडतो.

आमच्या मदतीला आलेल्या दादांनी डोक्यावरची गोणपाटाची खोळ काढून चाकाखाली घातली. गाडी निघाली, खोळ फाटली, आणि ते तसेच भिजत शेताकडे गेले. आता मी दोन गोणपाटं जादा ठेवते, तिथेच देऊन यायला.