डोमेनचा लिलाव : बोली लावण्याआधी आणि नाव विकताना

हवं असलेलं वेबसाइटचं नाव (डोमेन) मुदत संपून लिलावात आलं, तर बोलीला हात घालण्याआधी त्याची अवस्था तपासा. आयकॅन या डोमेन नावांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकलं की संपण्याची तारीख आणि स्टेटस दोन्ही दिसतं. डॉट कॉमचं चक्र असं चालतं : मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) जुन्या मालकाला नूतनीकरण करू देतो. मग ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे सोडवून घेण्याची मुदत. यात नाव परत मिळतं, पण दंड भरून. शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जाण्याची वाट. त्या ५ दिवसांत मालकालाही काही करता येत नाही.

रजिस्ट्रारचे स्वतःचे लिलाव बहुतेक पहिल्याच टप्प्यात होतात. त्यामुळे तुम्ही बोली जिंकलात तरी जुना मालक पैसे भरून नाव सोडवू शकतो. पैसे परत येतात, नाव जातं. म्हणून डोमेन तुमच्या खात्यात दिसेपर्यंत नारायण पेठेत व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकू नका.

पेंडिंग डिलीटमधलं नाव मोकळं होतं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी २ नंतर, म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला. चांगलं नाव हाताने टाइप करून मिळत नाही. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स यांसारख्या सेवा सेकंदाच्या आत ते उचलतात. दोन-तीन ठिकाणी बॅकऑर्डर, म्हणजे नाव मोकळं होताच उचलण्याची आगाऊ मागणी, लावून ठेवा. शुल्क सहसा नाव मिळालं तरच लागतं. एकाच सेवेकडे अनेकांची मागणी असली तर त्यांच्यातच पुन्हा लिलाव होतो.

आता नावाची परीक्षा. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर मागची वर्षं उघडून पाहा. मध्येच जुगाराची किंवा नकली औषधांची पानं दिसली तर ते नाव सोडा, कारण गूगलने शोधात आधीच त्याला खाली ढकललेलं असू शकतं. दुसरी परीक्षा स्पेलिंगची, आणि आपल्याकडे ती फार महत्त्वाची. हिंजवडी रोमन लिपीत कुणी 'ए' घालून लिहितं, कुणी 'ई' घालून. 'वाडा'चा 'व' कुणी 'व्ही'ने, कुणी 'डब्ल्यू'ने. फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता येत नसेल, तर नावाची किंमत निम्मी धरा, किंवा दोन्ही स्पेलिंगं घ्या.

तिसरी परीक्षा ट्रेडमार्कची. आयपी इंडिया या सरकारी साइटच्या सार्वजनिक ट्रेडमार्क शोधात नाव आणि त्याचा वर्ग (कोणत्या मालासाठी किंवा सेवेसाठी नोंद आहे ते) पाहा. नावाजलेल्या मिठाईवाल्याचं किंवा बिल्डरचं नाव घेऊन त्यालाच विकायचा बेत असेल, तर तो डोक्यातून काढा. डॉट कॉमवर यूडीआरपी आणि डॉट इनवर (ती नावं सांभाळणाऱ्या) निक्सीची आयएनडीआरपी या वाद सोडवण्याच्या नियमांखाली तक्रार मान्य झाली, तर नाव काढून घेतलं जातं आणि भरलेले पैसे कुणी परत देत नाही.

मग कागदावर कमाल आकडा लिहा. समजा बोली २०० डॉलर आणि एका वर्षाचं नूतनीकरण २० डॉलर. डॉलर ₹९० धरला तर ₹१९,८००. कार्डाचं परकीय चलन शुल्क ३.५ टक्के म्हणजे ₹६९३, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ₹१२५. एकूण ₹२०,६१८, शिवाय विक्रेत्याने लावला तर खरेदीवरचा जीएसटी वेगळा. बोलीचा आकडा ठरवताना या एकूण रकमेवरून मागे यायचं.

प्रॉक्सी बोलीत (तुमच्या वतीने यंत्रणाच बोली लावते ती) असा मागे येऊन निघालेला बोलीचा कमाल आकडा टाका. यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवते. शेवटच्या सेकंदाला बोली मारण्याची युक्ती बहुतेक ठिकाणी चालत नाही. गोडॅडीवर शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, आणि त्या वाढत्या मिनिटांतच लोक ठरवलेला आकडा ओलांडतात.

अगदी साधी चूक पेमेंटची. भारतात कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. लिलावाच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा आणि मर्यादा वाढवा. पैसे मुदतीत गेले नाहीत तर नाव हातचं जातं, खात्यावरही बंदी येऊ शकते.

विकताना किंमत नेमबायो या डोमेन विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर मिळत्याजुळत्या नावांच्या जुन्या विक्रीवरून ठरवा, स्वयंचलित मूल्यांकनावर विसंबू नका. खाली जायचं नसेल तर राखीव किंमत ठेवा. पण ती फार चढी असली की बोली लावणारे फिरकतच नाहीत. दलालीचे दर ठिकाणागणिक बरेच बदलतात, नोंदणीआधी वाचा. "आमच्या सांगण्यावरून अमक्या साइटचं मूल्यांकन प्रमाणपत्र घ्या, मग खरेदी करतो" असा मेल आला तर उत्तरच देऊ नका, ती जुनी फसवणूक आहे.

थेट सौदा असेल तर एस्क्रो, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी त्रयस्थ सेवा, वापरा. खरेदीदाराचे पैसे एस्क्रोकडे जमा झाल्याची खात्री त्यांच्या साइटवर लॉगिन करून करा, मेलवर विश्वास ठेवून नव्हे. त्यानंतरच डोमेनचं (ट्रान्सफर रोखणारं) कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवण्याचा गुप्त कोड, द्या. कोड आधी दिलात तर नाव गेलंच समजा. नवीन नोंदणी किंवा ट्रान्सफर झाल्यापासून ६० दिवस नाव सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही. घाई असेल तर खरेदीदाराला त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगा आणि आतल्या आत नाव त्या खात्यात टाका.