अॅनिमेशनमध्ये येताय? ग्राफिक कार्ड नंतर घ्या, आधी पार्ट टू तोंडी सांगून दाखवा

बारावी झालेल्या पोट्ट्यांचे मेसेज येत असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, ब्लेंडर शिकू का माया?" (दोन्ही अॅनिमेशनची सॉफ्टवेअर). दुसरा, "ग्राफिक कार्ड कोन्तं घेऊ?" गोष्ट कशी रचायची हे विचारणारा क्वचितच भेटतो. मी ब्रह्मपुरीकडचा, काम स्टोरीबोर्डचं, म्हणजे कोणी मॉडेल बनवायच्या आधी अख्खा सीन साध्या रेघांमध्ये काढून दाखवायचा, पटला तर पुढं जातो, नाही पटला तर दुसरा काढायचा. त्यामुळं माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो.

नवीन मुलांना मी अभ्यासाला सिक्वेल, म्हणजे सिनेमाचा पुढचा भाग, देतो. कारण सोपं आहे, पात्रं तयार, जग तयार, प्रेक्षक पण तयार, मग उरतं काय तर फक्त गोष्ट, आणि ती नसली तर लपवायला जागाच नसते.

१९९० मध्ये डिस्नेनं 'द रेस्क्युअर्स डाऊन अंडर' काढला, १९७७ च्या सिनेमाचा दुसरा भाग. चित्रं कागदावरच काढली, पण ती स्कॅन करून रंगवणं, थर जुळवणं हे सगळं कॅप्स नावाच्या डिजिटल सिस्टीमवर केलं, आणि असा पूर्ण बनलेला डिस्नेचा तो पहिला सिनेमा. गरुडाच्या पाठीवरून उडण्याचा सीन आजही बघा, भारीच आहे. पण थिएटरात चालला नाही. आता खरं बोलायचं तर 'होम अलोन' त्याच आठवड्यात लागला होता, म्हणून सगळा दोष गोष्टीवर टाकणं बरोबर नाही. पण पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्याच सिस्टीमवर 'ब्यूटी अँड द बीस्ट' बनला आणि थेट बेस्ट पिक्चरच्या ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेला, तिथवर पोचलेला पहिला अॅनिमेशनपट. मशीन तेच होतं ना बावा.

'टॉय स्टोरी २' चं तर आमच्या धंद्यात उदाहरणच देतात. आधी तो थेट व्हिडिओ कॅसेटवर आणायचा बेत होता, मग थिएटरचा ठरला, आणि १९९९ च्या रिलीजला साधारण नऊ महिने उरले असताना पिक्सारच्या लोकांनी मान्य केलं की गोष्ट जमत नाहीये, आणि ती मोठ्या प्रमाणात नव्यानं बांधली. तंत्र त्यांच्याकडं होतंच. अडकलं होतं ते वुडी या मुख्य खेळण्याच्या निर्णयात. म्युझियममध्ये गेला तर कायम टिकणार, घरी परतला तर त्याचा मालक पोरगा अँडी एक दिवस मोठा होऊन त्याला विसरणार, मग जेसी या बाहुलीची, तिच्या मालकिणीनं टाकून दिल्याची गोष्ट आली आणि त्या निर्णयाला वजन आलं. त्या घाईत काम करणाऱ्या कितीतरी जणांची मनगटं-खांदे दुखावले, हे पण लक्षात ठेवा, गोष्ट उशिरा सुधरवली की त्याची किंमत अॅनिमेटरचा हात देतो.

म्हणून मी एकच विचारायला सांगतो, पहिल्या भागात न आलेली कोणती अडचण दुसऱ्या भागात पात्राच्या गळ्यात पडते? 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' (२०२२) मध्ये उत्तर एका ओळीत मिळतं, मांजराचे नऊपैकी आठ जीव संपले, आता मरायची भीती वाटते. चित्रकाराच्या ब्रशसारखा लुक, मारामारीत मुद्दाम कमी केलेले फ्रेम, सगळं मस्तच आहे, पण लांडग्याची शिट्टी ऐकून पुसचे केस उभे राहतात तिथं आपण अडकतो. तंत्राला मी नावं ठेवत नाहीये हो, ते त्या भीतीच्या मागं चाललंय म्हणून तर इतकं लागतं.

आता आपल्याकडचं सांगतो. ओळखीतल्या एका पोरानं तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीवर छोटी फिल्म बनवली होती, आबाजीनं दिलेला जुना नंदी, एक चाक डगमग करते, पोरगा रांगेत मागं पडतो पण बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मागत शेवटच्या घरापर्यंत जातो. छान होती. मग त्यानं पार्ट टू पाठवला. लाकडाचे रेषे दिसतात, झूल वाऱ्यावर हलते, बेगड चमकते, रात्रभर रेंडर (कॉम्प्युटरकडून शेवटची चित्रं तयार करून घेणं) लावून ठेवला होता आणि मधातच लाईन गेली म्हणून परत लावला. फोन केला.

"मंग काय होते यात?"
"नंदी उडते जी."
"काऊन उडते?"
"भारी दिसते ना!"

त्याले म्हटलं, रेंडर बंद कर, कागद घे. पोरगा आता सातवीत गेला, दोस्तांसमोर नंदी ओढायची लाज वाटते, आणि नेमकी धाकटी बहीण नंदी मागते. द्यायचा तर नाही, न्यायचा पण नाही. तीन चौकटी काढायला लावल्या. पहिल्यात दोरी, त्याच्या मुठीत आवळलेली. दुसऱ्यात बहिणीचा उघडा तळवा, चेहरा दाखवायचाच नाही. तिसऱ्यात मूठ सैल, पण दोरी अजून त्याच्याच हातात. डायलॉग एकही नाही. हे त्यानं साध्या पेन्सिलीनं काढलं आणि घरात दाखवलं तर त्याची आई म्हणे, "दे ना रे तिले!" चित्राशी भांडली की ती!

आपल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, पोरांना हे कळायला जड जाऊ नये. धान निघालं की वडसा गावच्या नाटक कंपन्यांची नाटकं सुरू होतात, थंडीत शाल गुंडाळून लोक पहाटेपर्यंत बसतात, आणि रंगवलेला पडदा कितीही भारी असो, दुसऱ्या अंकात गोष्ट ढिली पडली की मागची रांग चहाला उठते. तुम्ही हे लहानपणापासून बघितलंय. पुढचं नाटक बघाल तेव्हा लोक कधी उठतात ते वहीत लिहून ठेवा, फुकटचा क्लास आहे.

राहिला शिक्षणाचा भाग. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणत लाखोंची फी सांगणाऱ्या क्लासमध्ये बाबांची शेती गहाण टाकून जाऊ नका, आधी तिथल्या जुन्या मुलांना गाठा, कुठं आणि कशावर लागले ते विचारा. बरेच नवीन लोक सुरुवातीला रोटो (फ्रेमफ्रेमला आकाराची कड आखणं), क्लीनअप (कच्च्या रेघा साफ करणं) अशाच कामाला लागतात, ते वाईट नाही, पगार कमी असतो पण शिस्त लागते. सरकारी संस्थेत जायचं असेल तर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी युसीड, या दोन परीक्षांची माहिती त्यांच्या साईटवर बघा, चित्र काढण्याइतकंच निरीक्षण तपासतात.

मशीन साधं आहे म्हणून रडू नका. २०२५ चा अॅनिमेशनचा ऑस्कर मिळालेला लात्वियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्येच बनलाय, आणि ते सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातच ग्रीस पेन्सिल नावाचं चित्र काढायचं टूल मिळते, बोर्ड काढायला तेवढं पुरते. तेही जमत नसेल तर वहीत चौकटी आखा, मोबाईलनं फोटो काढा, एकामागं एक लावून आपल्याच आवाजात डायलॉग भरा, झाला अॅनिमॅटिक.

पोर्टफोलिओत दोन-तीनच सीक्वेन्स ठेवा, एक तरी बिनडायलॉगचा, एक दोन माणसांच्या भांडणाचा. उडणारे ड्रॅगन नंतर. चौकटींना नंबर टाका, सगळ्याची एक पीडीएफ करा, फोन नंबर पहिल्याच पानावर लिहा. आणि कोणाला दाखवताना शेजारी बसून समजावू नका, तोंड बंद ठेवा आणि त्याचं बोट कोणत्या पानावर थांबते तेवढं बघा, तेच पान परत काढायचं आहे.