काँत वाचायला बसताना

बी.ए.च्या मुलांना फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत शिकवताना मी १८३० ते १८४२ मधले त्याच्या मुख्य ग्रंथाचे सहा खंड आधी बाजूला ठेवायला सांगते. वहीत एकच प्रश्न लिहा: अफूने झोप का येते? खाली तीन उत्तरं, काँतच्या मते माणसाचा विचार ज्या तीन अवस्थांतून जातो त्यांची एकेक. देवाची इच्छा, हे धर्मशास्त्रीय. अफूत निद्राकारक शक्ती असते, हे तत्त्वमीमांसीय. इथे जरा थांबा. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण देवाच्या जागी नुसता एक शब्द आलाय. तिसऱ्यासाठी प्रश्नातला ‘का’ खोडून ‘कशी’ लिहा: मात्रा किती, परिणाम किती वेळात, दर वेळी तोच क्रम दिसतो की नाही. हे प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे निरीक्षणात दिसणाऱ्या नियमांपुरतंच बोलणारं.

मग काँतचं जिच्यावर प्रेम होतं त्या क्लोतिल्द द वोविषयी वाचा. १८४६ मध्ये ती गेली आणि पुढे काँतने मानवतेचा धर्म मांडला, देवाऐवजी मानवतेलाच पूजणारा. हा भाग गाळू नका. मला तो माणूस तिथेच भेटतो.